माहेरी गेले होते, घर सोडून नाही

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे कुणाला समजावून सांगायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडे ही सांगायची गोष्टच नाही. सातवा लागतो, ओटी भरतात, माहेरून कुणीतरी न्यायला येतं आणि बाई जाते. तेल, शेक, डिंकाचे लाडू, बाळाचं बारसं, सगळं उरकून सावकाश परत येते. मधल्या काळात तिला कुणी विचारत नाही की बाई, मग आता तू राहतेस कुठे?

मला विचारलं. जर्मनीतल्या नेकार नदीच्या काठच्या आमच्या गावात, मला नुकताच प्रवेश मिळालेल्या कॉलेजच्या फी-विभागात, टेबलापलीकडे बसलेल्या चष्मेवाल्या बाईंनी. आवाज अगदी सभ्य होता.

"तुम्ही गेल्या वर्षी भारतातून इथे राहायला आलात."

"मी आठ वर्षांपूर्वी आले."

"ती नोंद बंद झालेली दिसते." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "तुम्ही देश सोडला होतात. नवी नोंद गेल्या वर्षीची आहे. आल्झो, म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही बाहेरदेशातून आलेल्या विद्यार्थिनी. तुम्हाला फी लागू होते."

मांडीवर लेक होती. ती बाईंच्या पेनकडे हात करत होती. मी म्हटलं, "मी देश सोडला नव्हता. मी आईकडे गेले होते."

बाई म्हणाल्या, "तेच इथे लिहिलंय."

नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जर्मनीत सरकारी कॉलेजात फी नसते, पण ते राज्याराज्यावर असतं. आमच्या राज्याने नुकतंच ठरवलं होतं की युरोपबाहेरून शिकायला येणाऱ्यांनी दर सहामाहीला फी भरायची. ज्यांचं कायमचं घर इथेच आहे, जे इथे राहून कामधंदा करत आलेत, त्यांना माफी. इथली शाळा शिकलेल्यांनाही माफी, पण मी इथल्या शाळेत गेले नव्हते. माझी वाट एकच होती, इथली रहिवासी असल्याची. त्या वाटेबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आठ हिवाळे काढले होते. त्यातली कितीतरी वर्षं इथल्या म्हाताऱ्या माणसांना उठवलं, भरवलं, त्यांच्या केसांना कंगवा फिरवला. मी रहिवासी नाही तर कोण आहे?

आणि तरी त्या खुर्चीत बसून मला भीती वाटली. ती जुनी भीती होती. शाळेशी, वह्यांशी, प्रवेशाशी संबंधित काही असलं की येते.

मी अकरावी अर्धवट सोडलेली बाई आहे. वडिलांना अर्धांगवायू झाला, आईने चिंचवडला घरातच मेस सुरू केली आणि पोळ्या लाटायला दुसरा हात हवा होता. कुणी मला कॉलेज सोड म्हटलं नाही. एक दिवस गेले नाही, मग आठवडाभर गेले नाही, मग जायची लाज वाटायला लागली. संपलं. आमच्या मेसमध्ये आसपासच्या कारखान्यांतले तरुण इंजिनिअर जेवायला येत. त्यातला एक फार कमी बोलायचा आणि आमटी दोनदा मागायचा. तो माझा नवरा. बाकी सगळ्या मुलांना मी दादा म्हणायचे, ह्यांना पहिल्यापासून अहो म्हणत होते. आई नंतर म्हणाली, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सासूबाई नगरच्या. त्यांनी लग्नाला नाही म्हटलं नाही, पण मांडवातच एका बाईला सांगताना मी ऐकलं, "मुलगा इंजिनिअर आणि सून अकरावी. आता काय बोलायचं?" त्यावर त्या पुढे बोलत राहिल्याच, ती गोष्ट वेगळी.

ह्यांच्या कंपनीने ह्यांना जर्मनीला पाठवलं आणि मी मागोमाग आले. इथे आपली माणसं बरीच. गणपतीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमायची. पहिल्याच हळदीकुंकवाला एका वहिनींनी वाण देता देता विचारलं, "तुमचं ग्रॅज्युएशन कशात?"

मी म्हटलं, "अकरावीत."

सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला. मग एकेक जण हसायची थांबली. तिथून पुढे मला कुणी वाईट वागवलं असं नाही, पण पदार्थ कोण करणार हा प्रश्न निघाला की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. "तुम्हाला काय, पन्नास माणसांचं म्हणजे हातचा मळ." मी करत असे. चांगलं करत असे. पण घरी येऊन ह्यांच्यावर चिडत असे.

म्हणून जर्मन शिकले. म्हणून वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम धरलं, आणि तिथून वरच्या मजल्यावर, माणसांकडे गेले. रीतसर आउसबिल्डुंग केलं. आउसबिल्डुंग म्हणजे काम करता करता शिकायचं, महिन्याला पगार, आठवड्यातले काही दिवस वर्ग, शेवटी सरकारी परीक्षा. त्या परीक्षेच्या सकाळी मला दोनदा उलटी झाली. पास झाले. मग त्याच मजल्यावर नोकरी लागली. दरम्यान हळदीकुंकवातला प्रश्न बदलला होता. "मूल कधी?" एक काकू तर म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचं करतेस, तुझं म्हातारपणी कोण करणार?" मी म्हटलं, "माझ्यासारखीच एखादी, काकू. आणि तिला मी आधी शिकवून ठेवीन."

ते मी रागात बोलले होते, पण झालं तसंच. आमच्या मजल्याच्या प्रमुख एक उंच, तुटक बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी एकदा ड्यूटी संपताना मला थांबवलं आणि म्हणाल्या की एवढं शिक्षण आणि एवढी वर्षं काम असलं की इथे बारावीशिवाय कॉलेजात प्रवेश मिळू शकतो. शुश्रूषा शिकवणाऱ्या शिक्षकांचा अभ्यासक्रम आहे. तुम्ही नव्या मुलींना आधीपासून शिकवताच आहात, मग त्याचा पगार का घेत नाही? मी घरी आले आणि ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कर ना." एवढंच. ह्यांच्या त्या दोन शब्दांचं ऋण माझ्यावर आहे, ते मी पुढे ह्यांच्यावर कितीही ओरडले तरी आहे.

त्याच सुमारास दिवस गेले. मग सातवा महिना, आणि आईचा फोन. "कधी येतेस?"

आता ह्यांची चूक.

मी निघायच्या आधी घरमालकांनी फ्लॅट परत मागितला होता. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तिला राहायला हवा होता. त्यांचा तसा हक्क होता, मुदतही त्यांनी रीतसर दिली होती. हे म्हणाले, तू निवांत जा, मी तेवढ्यापुरता कंपनीतल्या एका मित्राकडे खोलीत राहतो, सामान केलरमध्ये ठेवतो, म्हणजे त्या मित्राच्या इमारतीच्या तळघरात. तू आणि बाळ यायच्या आत नवं घर बघतो. अगदी बरोबर बेत होता. तो त्यांनी पारही पाडला. मी लेकीला घेऊन उतरले तेव्हा नव्या घरात पाळणासुद्धा लावलेला होता. लेकीच्या व्हिसाला वेळ लागला, म्हणून थोडं लांबलं. पण सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर इथली परवानगी रद्द होते हे मला पाठ होतं. आईच्या घरी कॅलेंडरकडे बघत मी बाळाला पाजत असे. मी मुदतीच्या पुष्कळ आत परतले. तिथे माझं काही चुकलं नाही.

पण मी चिंचवडला असताना हे मित्राकडचा नवा पत्ता नोंदवायला ब्यूर्गरआम्टमध्ये गेले. ते नागरिकांचं नोंदणी कार्यालय. इथे घर बदललं की जाऊन सांगावंच लागतं. फी-विभागातून घरी आल्यावर मी ह्यांना समोर बसवलं.

"तिथे नेमकं काय बोलणं झालं?"

"काही नाही. पत्ता बदलला."

"माझ्याबद्दल काय विचारलं?"

"पत्नी पण याच पत्त्यावर येणार का, विचारलं. मी म्हटलं, नाही, ती आईकडे आहे."

"बरं."

"आईकडे राहते का म्हणाले. मी म्हटलं, सध्या हो."

"मग?"

"किती दिवस, म्हणाले. मी म्हटलं, बघू."

"बघू म्हणालात?"

"मग काय सांगणार? बाळंतपणाचं काय टाइमटेबल असतं? तुझी आई सोडेल तेव्हा."

मी कपाळाला हात लावला. जगातल्या कुठल्याही मराठी माणसाला हे उत्तर बरोबर वाटलं असतं. बायको आईकडे आहे, किती दिवस, बघू. यात तिने घर सोडलं असा अर्थ आमच्या सात पिढ्यांत कुणाला लागला नसता. पण काउंटरवरच्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये 'बघू' नावाचा रकाना नव्हता. त्याने ह्यांच्या उत्तरांचा सरळ हिशेब मांडला. जुनं घर सोडलं, नव्या घरी येणार नाही, दुसऱ्या देशात राहते, परतीचा नेम नाही. त्याने माझी आब्मेल्डुंग केली, म्हणजे मी देशातून गेले अशी नोंद. ह्यांनी सही केली.

"वाचलं नाही?"

"वाचलं. पण मला वाटलं, नाहीतरी तू नाहीचेस ना सध्या."

ह्या माणसाचं काम म्हणजे ब्रेकच्या भागात केसाएवढी चूक शोधणं.

दोन दिवसांनी हे म्हणाले, "भरून टाकू फी. माझी चूक आहे, मी भरतो."

ते सोपं नव्हतं. लेकीसाठी मी अर्धवेळ काम घेतलं होतं आणि नव्या घराचं भाडं जास्त होतं. फी भरायची तर मला पुन्हा पूर्णवेळ जावं लागलं असतं. मग अभ्यास, लेक आणि नोकरी यांतलं एक गळालं असतं, आणि कुठलं, ते मला ठाऊक होतं. एकदा गळालंच होतं. तसंच, कुणी न सांगता. आधी एक दिवस, मग आठवडा. पण ते सोपं असतं तरी मी भरली नसती. मी ह्यांना तसं सांगितलं. "भरली म्हणजे मान्य केलं की मी काल आले. मी काल आले नाही."

आमच्या फोनवरच्या बातम्या लांब जातात. रेगेन्सबर्गच्या कारखान्यात ह्यांचा एक मित्र आहे, त्याचा फोन आला. "वहिनी, डोक्याला ताप कशाला? इकडे या. आमच्या राज्यात फीच नाही. इथेही कंपनीची ऑफिसं आहेत, हा बदली घेईल. बरोबर ना?"

"भावजी, तिथे जाऊन मी कोण होईन?"

"म्हणजे?"

"तिथे मी खरंच काल आलेली होईन."

तो हसला आणि म्हणाला, तुमचं नेहमीचंच. त्याचा हेतू चांगला होता. पण मला फुकट शिकायला मिळेल असं दुसरं गाव नको होतं. माझ्या गावाने मला ओळखायला हवं होतं.

आईचा फोन आला तो वेगळा. तिला कुणीतरी अर्धंमुर्धं सांगितलं होतं. "मी बोलावलं म्हणून झालं का गं हे? मी नसते बोलावलं तर..."

"आई, तू नसतीस बोलावलंस तर मी विचारलं असतं, का नाही बोलावलंस."

"पण तुझं शिक्षण परत..."

आमच्या घरात त्या अकरावीबद्दल कुणी बोलत नाही, पण ती सगळ्यांच्या ताटात असते. मी म्हटलं, "या वेळी सुटणार नाही. तू लाडू पाठव."

मी आधी ब्यूर्गरआम्टमध्ये गेले. तिथला तरुण मुलगा नम्र होता. तो म्हणाला, यजमानांनी सांगितलं तेच लिहिलं आहे. आणि त्याने एक प्रश्न विचारला. "त्या महिन्यांमध्ये तुमचं इथलं घर कुठलं होतं? जुन्या फ्लॅटमध्ये दुसरं कुटुंब राहत होतं. मित्राच्या खोलीत तुम्ही कधी राहिला नाहीत. नवं घर तेव्हा भाड्याने घेतलेलं नव्हतं. मग कुठलं?" त्याने एक शब्द वापरला, लेबेन्समिटेलपुंक्ट. माणसाच्या जगण्याचा मध्य जिथे असतो ती जागा. ती दाखवा, म्हणाला, मग नोंद दुरुस्त करता येईल.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बसमध्ये लेकीला घेऊन बसले आणि विचार करत राहिले. माझं घर तेव्हा कुठे होतं? कपाटं तळघरात. नवरा दुसऱ्याच्या खोलीत, उशाला सुटकेस. मी चिंचवडला. मग काय होतं इथे?

आणि मला सासूबाई आठवल्या.

फ्लॅट रिकामा करतानाचा त्यांचा फोन. त्या फोनवर कधी विचारपूस करत नाहीत, सूचना देतात. "हे बघ, काहीही ने, पण अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तेवढे माहेरी नेऊ नकोस."

लग्नात माहेरून मुलीला या दोन मूर्ती देतात. माझ्या पितळी आहेत, करंगळीएवढ्या. त्या सासरच्या देव्हाऱ्यात जातात आणि तिथेच राहतात. "अन्नपूर्णा परत माहेरी गेली म्हणजे संसार मोडला असं होतं. लोक काय समजतील?"

मला तेव्हा राग आला होता. लोक कुठले, नगरचे? पण नेल्या नाहीत. प्रश्न असा होता की ठेवायच्या कुठे. तळघरात देव ठेवायचे नाहीत. ह्यांच्या मित्राकडे शेल्फ एकच होतं आणि त्यावर तो सुकट ठेवायचा. शेवटी कामाच्या जागी आमच्या मजल्याच्या प्रमुख बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्या स्टाफरूममध्ये ठेवा, कॉफी मशीनच्या वरच्या फळीवर. तिथे कुणी हात लावणार नाही. मी निघायच्या दिवशी मूर्ती एका रुमालावर ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. प्रमुख बाई बाजूला उभ्या होत्या. "यांना काही लागतं का?" असं त्यांनी विचारलं, जसं त्या नव्या आलेल्या आजोबांबद्दल विचारतात. मी म्हटलं, पुसलं तरी पुरे.

त्या बसमध्ये मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. माझा संसार कॉफी मशीनच्या वर होता. बायका कामाला येता-जाता पुसत होत्या. माझी खुंटी तिथे होती, माझ्या लॉकरची चावी माझ्याकडे होती, ड्यूटीच्या तक्त्यावर माझं नाव होतं आणि त्यासमोर बाळंतपणाची रजा असं लिहिलं होतं. रजा आहे म्हणजे जागा आहे. जागा सोडलेल्या माणसाला कुणी रजा देत नाही.

हरकतीचा अर्ज करायचा ठरवलं. मुदत थोडी होती. ह्यांनी रात्री बसून एक मसुदा केला, अगदी नीट, मुद्दे घालून. मी वाचला आणि परत दिला.

"का? जर्मन चुकलंय?"

"जर्मन छान आहे. पण पहिल्याच ओळीत क्षमा मागितलीय."

"तशी पद्धत असते."

"मी बाळंत झाले, त्याची क्षमा मागू?"

मी माझा लिहिला. त्यात व्याकरणाच्या चुका असणार, ह्यांना तपासू दिलं नाही. मी लिहिलं की आमच्याकडे मुलगी पहिल्या बाळंतपणाला आईकडे जाते. ती जाते तेव्हा घर सोडत नाही, उलट घर वाढवून आणायला जाते. माझ्या पतीने कार्यालयात खरं उत्तर दिलं, पण ते उत्तर आमच्या घरातलं होतं आणि रकाने तुमच्या घरातले. माझ्या जगण्याचा मध्य कुठे होता हे विचारलंत, तर तो माझ्या कामाच्या मजल्यावर होता, आणि का, ते प्रमुख बाई सांगतील.

प्रमुख बाईंनी सांगितलं. त्यांचं निवेदन मी आजही अधूनमधून वाचते. नोकरी चालू होती, जागा राखून ठेवली होती, कामावर परतायची तारीख ठरलेली होती, हे सगळं दोन ओळींत. मग पुढे असं की या बाईंच्या दोन पितळी घरगुती मूर्ती आमच्या स्टाफरूममध्ये होत्या, कारण त्यांच्या रूढीप्रमाणे या मूर्ती माहेरी जाऊ शकत नाहीत. मजल्यावरच्या एक आजी, पूर्वी बेकरी चालवणाऱ्या, दर रविवारी व्हीलचेअरवरून यायच्या आणि मूर्तींसमोर एक बिस्किट ठेवायला लावायच्या, कारण आजींच्या मते मूर्ती उपाशी दिसत होत्या. सोमवारी ते बिस्किट सकाळच्या पाळीतलं कुणीतरी खायचं. प्रमुख बाईंनी हेसुद्धा लिहिलं होतं. काही वगळायचं नाही हा त्यांचा स्वभाव.

फी-विभागाच्या बाईंनी पुन्हा बोलावलं. लेक बरोबर होतीच, पाळणाघरात जागा मिळायची होती. त्यांच्यासमोर अर्ज आणि निवेदन उघडं पडलं होतं. त्या बिस्किटाच्या ओळीवर त्यांनी पेन ठेवलं होतं.

"या मूर्ती कायद्याने पुरावा होत नाहीत."

"माहीत आहे. पण तुम्ही विचारलंत, मी आहे ते सांगितलं."

"मला एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "इथे दवाखाने आहेत. तुम्ही स्वतः त्याच क्षेत्रात आहात. तरी एवढं लांब का गेलात?"

मी म्हटलं, "दवाखाना तीन-चार दिवसांनी घरी पाठवतो. त्यानंतर मला आणि हिला रोज तेल लावून कुणी आंघोळ घातली असती?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मला दोन मुलं झाली. मला कुणी तेल लावलं नाही."

"म्हणूनच मी गेले."

त्या हसल्या नाहीत. पण त्यांनी लेकीच्या हातात ते पेन दिलं, टोपण लावून. मग म्हणाल्या, "माझी आई हॅम्बुर्गला होती. मी आठवडाभर येते म्हणाली. मी नको म्हटलं." आणि पुन्हा कागदांकडे वळल्या. नोंदणी कार्यालयाला विचारावं लागेल, मी आत्ता काही सांगू शकत नाही. ठीक आहे, मी म्हटलं. पण वर्ग सुरू होतील तेव्हा मी वर्गात बसणार आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत मी घरी बसणार नाही.

"तसा तुम्हाला हक्क आहे," त्या म्हणाल्या.

मी बसले. पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावर बसले. आजूबाजूच्या मुली माझ्याहून पुष्कळ लहान. एकीने विचारलं, तुम्ही शिकवायला आलात का? मी म्हटलं, "अजून नाही."

निकालाचं पाकीट आलं तेव्हा मी आंघोळ घालत होते लेकीला, हे घेऊन आले आणि दारात उभे राहिले. "उघडू?" "उघडा." हे वाचत गेले आणि त्यांचा चेहरा मला समजेना, कारण हे आनंदाच्या बातम्याही ब्रेकच्या अहवालासारख्या वाचतात. नोंद दुरुस्त झाली होती. बाळंतपणाच्या रजेत नोकरी टिकून होती, परतणं ठरलेलं होतं, म्हणून वास्तव्य सलग धरलं होतं. फी माफ. खाली सही. अन्नपूर्णेचा उल्लेख नव्हता. मला थोडं वाईट वाटलं, खरं सांगायचं तर.

सासूबाईंना नाही वाटलं. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, नेऊ नकोस म्हणून." मग विचारलं, "किती वर्षांचं आहे कॉलेज?" मी सांगितलं. "पूर्ण कर," त्या म्हणाल्या. "मांडवात बोलले होते मी ते ऐकलं होतंस तू, मला माहितीये. आता मला दुसरं काहीतरी सांगायला दे लोकांना." मी हो म्हटलं. पण हेही म्हटलं, की लोकांसाठी करत नाहीये. "ते मला कळतंय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या वर्षी सुट्टीत भावाचं लग्न निघालं. लेकीला घेऊन मी पुन्हा चिंचवडला. माझ्या हातावर मेंदी ओली होती आणि ह्यांचा फोन आला, आईने तो माझ्या कानाला धरला. घराचा काही कागद हवा म्हणून हे ब्यूर्गरआम्टच्या रांगेत उभे होते.

"पत्नी कुठे आहे विचारतील. काय सांगू?"

"खरं ते सांगा. आईकडे गेलीय."

"अगं पण..."

"आईकडे गेलीय, म्हणावं. घर इथेच आहे. कधी येणार विचारलं तर सांगा, तिची परीक्षा आहे, त्याच्या आदल्या रविवारी विमानतळावर आणायला जायचंय."

"म्हणजे बघू म्हणू नको."

"अजिबात नाही."

ते हसले. मागे कुणाचा तरी नंबर पुकारल्याचा आवाज आला. "बरं, आणि ऐक, अन्नपूर्णेपुढे रोज काय ठेवू? तू काही सांगून गेली नाहीस."

"बिस्किट ठेवा," मी म्हटलं. "तिला आता सवय झालीय."